जुन्या सिनेमावर लिहायला बसण्याआधी

तुझा ‘कुंकू’वरचा लेख वाचला. भाषा छान आहे, पण एक विचारतो: तू मराठी ‘कुंकू’ पाहिलास की हिंदी ‘दुनिया न माने’? प्रभात फिल्म कंपनीने १९३७ मध्ये दोन्ही केले. दिग्दर्शक व्ही. शांताराम, नायिका शांता आपटे, गोष्टही तीच. म्हणून एक पाहून दुसऱ्यावर लिहिण्याचा मोह होतो. मी स्वतः एकदा हिंदी पाहून मराठीतले संवाद आठवणीवर ठोकून दिले होते. एका वाचकाने पोस्टकार्डावर शांतपणे माझी सालटी काढली!

दुसरं, ‘काळाच्या पुढचा चित्रपट’ हे वाक्य खोडून टाक. ते कुठल्याही सिनेमाला चिकटतं. त्याऐवजी कान दे. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते नायिकेच्या सासरच्या घरातलंच, घड्याळाची टिकटिकसुद्धा. जरठाशी लग्न लावून दिलेल्या नीराला ते घर कसं वाटत असेल, हे तुला आवाजांवरूनच लिहिता येईल. एकच प्रसंग घे, तीनदा बघ, तिसऱ्यांदा डोळे मिटून. कथासार चार ओळींत उरक. आपल्याकडे अर्धं परीक्षण त्यातच संपतं.

आणि सनावळी जपून. ‘श्यामची आई’ १९५३ चा, त्याला राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं १९५४ मध्ये. ही दोन सालं लोक सर्रास एक करतात. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जमलं तर एक चक्कर मार. जुन्या जाहिराती, पुस्तिका बघ. वही ने, पेन्सिलही ने.