मुलगा अमेरिकेत शिकतो. कॉलेजच्या भिंतीवर ‘नार्कन’ची पेटी आहे म्हणतो. डॉक्टर नसलेल्याने हे औषध दिलं तर चालतं का?

चालतं. ते त्यासाठीच तिथे ठेवलेलं असतं.

नार्कन म्हणजे नालोक्सोन, नाकात मारायचा स्प्रे. हेरॉइन, फेंटानिल वगैरे अफूच्या वर्गातली द्रव्यं मेंदूत ज्या जागी चिकटून श्वास मंदावतात, तिथून हे त्यांना हुसकावतं. श्वास थांबला की हाताशी जेमतेम काही मिनिटं असतात, अ‍ॅम्ब्युलन्स कुठवर पुरी पडणार? म्हणूनच शिकागोतल्या एका संस्थेने १९९६ च्या सुमारास ते थेट नशा करणाऱ्यांच्याच हाती द्यायला सुरुवात केली. प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायची परवानगी मात्र मार्च २०२३ मध्ये मिळाली. उशीरच म्हणायचा.

माणूस हलवूनही उठत नाही, घशात घरघर, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, असं दिसलं की आधी ९११ (तिथला आणीबाणीचा नंबर) लावायचा. त्याला उताणं झोपवून डोकं मागे करायचं, नळी एका नाकपुडीत पूर्ण घालून दट्ट्या दाबायचा. ‘चालतोय का बघू’ म्हणून हवेत दाबू नये, आत एकच डोस असतो! दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत. तोंडाने श्वास द्यायला येत असेल तर तोही द्यावा.

अंदाज चुकला, त्याने अफूच्या वर्गातलं काही घेतलंच नव्हतं, तरी सहसा अपाय होत नाही. शुद्धीवर आलेला माणूस चिडेल, उलटी करेल, म्हणून कुशीवर वळवावं. आणि त्याला एकटं सोडू नये: औषधाचा असर ३० ते ९० मिनिटांत उतरतो, फेंटानिल तोवर अंगात असू शकतं.