राउटरमध्ये कार्ड टाकताना पट्टा खरंच लागतो का?

प्रश्न: आमच्या ऑफिसच्या रॅकमधल्या राउटरमध्ये दोन पोर्टचं एक्स्पान्शन कार्ड टाकायचंय, कार्ड अजून पिशवीतच आहे. एक जण म्हणतो चालू राउटरमध्येच सरकव, दुसरा म्हणतो बंद कर. आणि स्थिर विजेपासून वाचवणारा मनगटाचा अँटिस्टॅटिक पट्टा लागतोच का, की चेसिसला, म्हणजे राउटरच्या धातूच्या बॉडीला, एकदा हात लावला की झालं?

उत्तर: पट्टा लागतोच. अंगावर साचलेली स्थिर वीज साधारण ३००० व्होल्टच्या वर गेली तरच बोटाला चटका जाणवतो, पण काही चिप १०० व्होल्टच्या आतही खराब होतात, म्हणजे आपल्याला काही कळत नाही आणि कार्डाचं नुकसान होऊन बसतं. चेसिसला हात लावून तेवढ्यापुरता चार्ज जातो, दोन पावलं चाललात की परत साचतो. मी एकदा घाईत पट्ट्याशिवाय कार्ड बसवलं होतं, दोन आठवडे छान चाललं आणि मग लिंक मधूनमधून पडायला लागली, केबल बदलली, पोर्ट बदलला, शेवटी कार्ड बदलल्यावरच थांबलं. स्टॅटिकचा मार असा उशिरा दिसू शकतो, हेच त्यातलं वाईट.

पट्टा उघड्या मनगटावर घट्ट बांधा, बाहीवरून नको, आणि क्लिप चेसिसच्या रंग नसलेल्या धातूला लावा. त्याच्या वायरमध्ये साधारण १ मेगाओमचा रेझिस्टर असतो, तो तुम्हाला शॉकपासून वाचवायला असतो, म्हणून साध्या वायरचा जुगाड अजिबात करू नका. आता एक गोष्ट बरेच जण विसरतात: पॉवर केबल काढली की तिच्यातून येणारं अर्थिंगपण जातं, मग पट्टा बांधून उपयोग काय? चेसिसला अर्थिंगची वेगळी वायर जोडलीय का ते आधी बघा, नसेल तर ती आधी लावून घ्या.

चालू की बंद, हे मित्राला नाही, मॅन्युअलला विचारा. एकाच राउटरमध्ये एका प्रकारचं कार्ड चालू असताना बदलता येतं आणि दुसरं नाही, असंही असतं. तुमच्या कार्डासाठी हॉट स्वॅप, म्हणजे चालू असताना बदलता येतं असं, स्पष्ट लिहिलेलं नसेल तर बंदच करा, नुसतं बटण नाही, केबल काढून, आणि पॉवर सप्लाय दोन असतील तर दोन्ही केबल. टेलिफोन लाइनला जोडलेल्या केबल असतील तर त्याही काढा, कारण राउटर बंद असला तरी लाइनमध्ये बाहेरून व्होल्टेज येतोच. विजा कडाडत असतील तर काम दुसऱ्या दिवशी.

बंद करायच्या आधी कॉन्फिग, म्हणजे राउटरची सगळी सेटिंग्ज, सेव्ह करा. सिस्को कंपनीचा असेल तर कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग ही कमांड द्या, आणि एक कॉपी राउटरच्या बाहेर. कोणीतरी सहा महिन्यांपूर्वी केलेला बदल सेव्हच केलेला नसतो, आणि रीस्टार्टनंतर तो गेल्यावर सगळे नव्या कार्डाला दोष देतात. शो व्हर्जन ही कमांड टाकून सॉफ्टवेअरचं व्हर्जन बघा आणि ते या कार्डाला सपोर्ट करतं का तेही तेव्हाच तपासून घ्या.

घड्याळ, अंगठी काढून ठेवा. कार्ड पट्टा बांधल्यावरच पिशवीतून काढा, कडांनी धरा, सोनेरी पिनांना बोट नको, आणि आत जाताना अडलं तर जोर न लावता बाहेर काढून परत सरळ लावा. रिकामा स्लॉट झाकणारी कोरी पट्टी फेकू नका, उद्या कार्ड काढावं लागलं तर ती परत लावायला लागेल, उघडा स्लॉट राहिला की पंख्याची हवा तिथूनच निघून जाते आणि आतला भाग तापतो.