डोळा काढल्यावर आत बसवलेला गोळा शरीर नाकारतं का?

वडिलांचा डोळा काढून आत इम्प्लांट बसवलंय आणि परकं मूत्रपिंड नाकारलं जातं तसं हेही नाकारलं जाईल का, ही तुमची भीती. तसं होत नाही. मूत्रपिंडात दुसऱ्या माणसाच्या जिवंत पेशी असतात, त्या ओळखून शरीर हल्ला करतं. या गोळ्यात जिवंत असं काहीच नाही. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही लागत नाहीत.

पण शरीर त्याला आपलं मानतं असंही नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. काही कारणाने परत काढावे लागलेले असे गोळे आमच्याकडे तपासणीला येतात. गुळगुळीत गोळ्याभोवती, म्हणजे अ‍ॅक्रिलिक किंवा सिलिकॉनच्या, तंतुमय ऊतींची पातळ पिशवी तयार झालेली असते. शरीराने त्याला वेगळं काढून बंदिस्त केलेलं असतं. पिशवी कापली की गोळा सहज निसटून हातात येतो, कारण दोघांत जोड काहीच नसतो. 1885 मध्ये म्यूल्स या ब्रिटिश डॉक्टरांनी काचेचा गोळा बसवला, तोही याच जातीचा.

सच्छिद्र इम्प्लांटची गोष्ट निराळी. हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटचा (म्हणजे हाडात असतं तशा कॅल्शियमयुक्त खनिजाचा) गोळा आम्लात ठेवून त्यातला कॅल्शियम काढल्याशिवाय त्याचा पातळ काप घेताच येत नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली जिथे तो पदार्थ होता तिथे रिकाम्या जागा दिसतात, त्यांच्या कडेला अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी चिकटून बसलेल्या, आणि मधल्या छिद्रांमधून तंतू आणि रक्त भरलेल्या केशवाहिन्या. म्हणजे परक्या वस्तूविरुद्धची प्रतिक्रिया चालूच असते, फक्त ती शांत, मंद असते आणि तिच्यासोबतच ऊती आत रुजतात. हे बाहेरून आत होतं आणि त्याला काही महिने लागतात. रक्त कुठवर पोचलंय हे कॉन्ट्रास्ट देऊन केलेल्या एमआरआयमध्ये दिसतं.

माझ्या मते खरी काळजी गोळ्याच्या मागच्या बाजूची नाही, पुढच्या बाजूची आहे. गोळ्यावर टेनॉनचा थर (डोळ्याभोवतीचं तंतुमय आवरण) आणि कंजंक्टायव्हा (त्यावरची पातळ पारदर्शक त्वचा) एवढंच झाकण असतं. टाके ताणून घातले गेले, गोळा जागेच्या मानाने मोठा असला, पृष्ठभाग खरखरीत असला किंवा रेडिएशनमुळे रक्तपुरवठा कमी झालेला असला, तर ते झाकण विरतं आणि गोळा उघडा पडतो. गोळा लहान घ्यावा तर खोबण खोल दिसते: नेत्रगोलाचं आकारमान साधारण 7 मिलिलिटर, 20 मिलिमीटर व्यासाच्या गोळ्याचं जेमतेम 4.2. उरलेलं गोळ्यापुढे बसवायच्या, काढता-घालता येणाऱ्या कृत्रिम डोळ्याने भरायचं असतं.

उघडा पडल्यावर दोन्हींचं वागणं वेगळं. सच्छिद्र गोळ्यात रक्त पोचलेलं असेल तर छोटी फट कधी कधी आपोआप भरते. मोठी असेल तर वरून ठिगळ लावावं लागतं. गुळगुळीत गोळा एकदा उघडा पडला की बहुधा बाहेर येण्याच्या मार्गाला लागतो.

कृत्रिम डोळा काढून धुताना खोबणीच्या मध्यावर पांढुरका ठिपका किंवा लालभडक, हात लागताच रक्त येणारा मांसाचा गड्डा दिसला, तर वाट बघू नका, सर्जनला दाखवा. पूसारखा स्राव आणि दुखणं वाढत गेलं तरी तेच. नुसता चिकट पांढरा स्राव आणि खाज असेल, तर पुष्कळदा कृत्रिम डोळ्यावर साचलेल्या थरामुळे वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला पुटकुळ्या येतात. हाही सर्जनला दाखवाच, पण यात तो डोळा पॉलिश करून घेतल्याने बराच फरक पडतो.