सिमेंटच्या दरजा आणि झिजणारी वीट

प्रश्न : जुन्या नाशकात, सराफ बाजारालगत आमचा वाडा आहे. जोते काळ्या दगडाचे असून वरच्या भिंती चुन्यात बांधलेल्या विटांच्या आहेत. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गोदावरीचे पाणी तळमजल्यात शिरले, तेव्हा सैल झालेल्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, आम्ही सिमेंटने भरून घेतल्या. आज दरजा शाबूत आहेत, पण विटांचे पापुद्रे सुटतात आणि रोज सकाळी ओटीवर लाल भुकटी पडलेली असते. भिंतीला सिमेंटचा गिलावा करावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गिलावा मुळीच करू नये. आपण पाठवलेल्या छायाचित्रात विटा आत झिजून दरजा जाळीसारख्या पुढे आलेल्या दिसतात, आणि दुखणे काय आहे ते तेवढ्यावरूनच कळते. जुनी वीट मऊ व पाणी शोषणारी असते. चुन्याची दरज तिच्याहूनही मऊ असल्यामुळे भिंतीतली ओल त्या वाटेने बाहेर पडे, झीज झालीच तर दरजेची होई आणि ती पुन्हा भरता येई. सिमेंटने ही वाट बुजली, त्यामुळे ओल विटेतून बाहेर येते, तिच्याबरोबरचे क्षार विटेच्या पृष्ठभागाआड साखळून फुगतात आणि पापुद्रा ढकलतात. यालाच आपल्याकडे लोणा लागणे म्हणतात.

आधी पन्हळीचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडत नाही ना, हे पाहावे. मग सिमेंट छिन्नी-हातोडीने, रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत उकरावे. कटर लावल्यास विटांच्या कडा जातात, आणि घाईतला गवंडी नेमका तोच काढतो. जिथे सिमेंट विटेला घेऊन येते, तिथे ते राहू द्यावे. दरजा झाडून, पाणी मारून, एक भाग विरलेला चुना, एक भाग सुरखी (भाजक्या विटांची भुकटी) आणि दोन भाग चाळलेली वाळू यांचे घट्ट मिश्रण थापीने दाबून भरावे. त्यात ‘मजबुतीसाठी’ म्हणून मूठभर सिमेंट टाकू देऊ नये. चुना हाताला व डोळ्यांना भाजतो, म्हणून हातमोजे व चष्मा हवाच. ओले गोणपाट निदान आठवडाभर टांगावे. काम पावसाळ्यानंतर, पण नाशिकची कडाक्याची थंडी टाळून करावे. भिंत फुगलेली असेल, तर मात्र आधी अभियंत्याला दाखवावी. जिन्यामागच्या हातभर भिंतीवर प्रथम नमुना करून महिनाभर पाहावा. गवंड्याच्या हाताचीही त्यात परीक्षा होते.