मे महिन्यात आईसोबत रत्नागिरी

प्रश्न : सत्तरीच्या आईला घेऊन मे महिन्यात दोन दिवस रत्नागिरीला येतोय. तिला ऊन सोसेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सोसेल, पण अकरा ते चार तिला बाहेर काढू नका. आमच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, त्यानेच माणूस गळून जातो. माझी आई अशीच एकदा भाट्ये किनाऱ्याच्या वाळूत मटकन बसली होती, म्हणून कळकळीने सांगते. सुती साडी, सोबत पाणी, जेवताना सोलकढी.

थिबा राजवाडा सकाळी पाहा. इंग्रजांच्या कैदेतला ब्रह्मदेशचा राजा थिबा १९१६ साली इथेच वारला. संध्याकाळी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे. तिथे पाय जरूर भिजवा, पण गुडघ्यापुढे जाऊ नका, पाण्याची ओढ फसवी आहे. स्टेशन शहराबाहेर आहे, रिक्षाचे भाडे आधीच ठरवा.