पोटाची डॉक्टर नक्की कोणाला हवी आहे?

प्रश्न : मी आर्णी तालुक्यातला (जि. यवतमाळ) शेतकरी. मुलगा चोवीस वर्षांचा. चार वर्षं त्याला घास अडकायचा, रात्री उलटी व्हायची, अंगावर मांस राहिलं नव्हतं. आधी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, मग टीबीच्या संशयावर औषधं. शेवटी नागपुरात अकॅलेशिया हा अन्ननलिकेचा आजार निघाला, पोएम (तोंडातून दुर्बीण घालून केलेलं ऑपरेशन) झालं, आता जेवतो. धाकट्या मुलीला दुसऱ्यांदा नीट देऊन ३१८ गुण पडले. तिला तिसऱ्यांदा बसवून पोटाची डॉक्टर करायचं आहे. घरची पोट्टी डॉक्टर झाली तर पुन्हा अशी पाळी येणार नाही. ती नाही म्हणते, पण तिला आता समजत नाही, मागाहून समजेल. भावाची फाइल तीच सांभाळते, तो काय खातो, काय उलटतं हे वहीत लिहून ठेवते. कर्ज काढायची तयारी आहे. क्लास नागपूरचा लावू की लातूरचा?

उत्तर :

भाऊ, क्लासचं नाव मी सांगणार नाही. ‘ती नाही म्हणते’ हे तुम्ही लिहिलंत आणि पुढच्याच शब्दांत खोडून टाकलंत. मी तिथेच अडकलो आहे.

पोरगा डोळ्यांदेखत वाळत जातो, या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरवूनही कोणी नाव सांगत नाही, यात बापाची काय अवस्था होते हे मला कळतं. पण त्या चार वर्षांची भरपाई तुम्ही मुलीकडून मागताय. दुखणं मुलाला झालं, चुकलं कुठल्या तरी दवाखान्यात, आणि फेडायचं धाकटीनं? बरं, तिच्या दोन्ही नीट याच काळात झाल्या. रात्री भाऊ ओकतोय, घरात पैशांची बोलणी चाललीत, वही हिच्या हातात, अशा घरात तिनं फिजिक्स केलं. ३१८ ला नापासाचा शिक्का मारण्याआधी एवढं तरी लक्षात घ्या. आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला ‘समजत नाही’ म्हणत असाल, तर भावाच्या फाइलची जबाबदारी तिच्यावर कशी टाकलीत?

आता गुणांचं स्पष्ट बोलतो. प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही, पण ३१८ वर सरकारी जागा धरून चालता येत नाही. खाजगी कॉलेजच्या फीपुढे एक-दोन एकर टिकणार नाहीत. जागा मिळाली तरी रस्ता असा आहे : इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं एमबीबीएस, सरकारी कॉलेज असेल तर बंधपत्राची सेवा, नीट पीजी, तीन वर्षं एमडी मेडिसिन, मग नीट एसएस ही त्यापुढची प्रवेश परीक्षा, आणि पुन्हा तीन वर्षं डीएम गॅस्ट्रो, म्हणजे पोटाच्या डॉक्टरची पदवी. एकही वर्ष वाया न जाता आणि बंधपत्र न धरता साडेअकरा वर्षं. ज्याला आतून हवं असतं तो हा रस्ता काढतो. बापाला हवं आहे म्हणून निघालेली मुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझ्यासमोर येऊन बसतात.

तुमच्या डोक्यातला एक समज मात्र काढायलाच हवा. दुर्मीळ आजार मोठा डॉक्टरच ओळखतो, म्हणून घरात मोठा डॉक्टर हवा, असं तुम्ही धरून चाललाय. अकॅलेशियाचे नवे रुग्ण वर्षाला लाखामागे एखाद-दुसरेच निघतात. अन्ननलिकेच्या खालच्या भागातल्या मज्जापेशी मरतात, मग जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू गिळताना सैल पडत नाही आणि घास वरच साचतो. सुरुवातीला दुर्बिणीच्या तपासणीत काहीच दिसत नाही असंही होतं. बेरियम पाजून काढलेला फोटो आणि नळीतला दाब मोजणारी मॅनोमेट्री यांवर निदान पक्कं होतं. पण या तपासण्या लिहून द्यायला आधी कोणाच्या तरी मनात शंका यावी लागते, आणि ती एका फुकटच्या प्रश्नातून येते : भाकरीच अडकते की पाणीही? नळीत गाठ वाढत असेल तर साधारणपणे आधी भाकरी अडकते, पाणी बऱ्याच उशिरा. पहिल्यापासून दोन्ही अडकत असेल तर नळीची हालचालच बिघडलेली असण्याचा संभव मोठा. तुमच्या मुलाला हा प्रश्न पहिल्या वर्षी कोणी विचारला होता का? हा प्रश्न विचारायला डीएम लागत नाही. आपल्याकडच्या सिकलसेलचंही, त्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही, असंच आहे. त्याच्या झटक्यात पोट असं दुखतं की अपेंडिक्स वाटावं. नेमक्या वेळी ‘सिकलची तपासणी झाली का’ असं विचारणारी नर्ससुद्धा एखाद्याचं नको ते ऑपरेशन टाळू शकते.

आणि डीएम झालेली मुलगी आर्णीत दवाखाना टाकेल हे विसराच. मॅनोमेट्रीचं यंत्र, भूलतज्ज्ञ, पोएम करू शकणारी टीम, हे सगळं मोठ्या शहरात असतं. पोएमच मुळात नवं आहे, जपानमध्ये इनोऊए यांनी ते माणसावर पहिल्यांदा केलं २००८ मध्ये. तुमची मुलगी नागपुरात नाहीतर पुण्यात राहील, आणि गावात घास अडकणारा पुढचा पोरगा पुन्हा अ‍ॅसिडिटीच्याच गोळ्या खाईल.

मला तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाची वाटली ती तिची वही. काय खाल्लं, किती वेळानं उलटलं, हे कोणी न सांगता नोंदवत राहणं सगळ्यांना जमत नाही. तिला आहारशास्त्राबद्दल कोणी सांगितलंय का? पोटाच्या काही आजारांत आहार हेच मुख्य औषध असतं. सिलिअ‍ॅक हा आतड्याचा आजार घ्या. गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचं अस्तर झिजतं, त्यावर उपाय एकच : गहू आणि जव जन्मभर बंद. विदर्भात ज्वारीची भाकरी आहे म्हणून लोक निर्धास्त होतात. पण गिरणीत आधी गहू दळला आणि त्याच जात्यावर ज्वारी टाकली, की गव्हाचं पीठ त्यात आलंच. पेशंट म्हणतो ‘मी तर पथ्य पाळतो’, आणि मूल काही वाढत नाही. गिरणीपर्यंत जाऊन हे शोधेल असं माणूस दवाखान्यात क्वचितच असतं. पोषण आणि आहारशास्त्रात बीएस्सी, मग एमएस्सी, आणि नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा, असा हा रस्ता. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि पहिली नोकरी बहुधा नागपूरलाच शोधावी लागते, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसरी वाट बीएस्सी नर्सिंगची. त्याला राज्याची वेगळी सीईटी आहे. पुढे उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं. पद कंत्राटी आहे, त्याच्या अडचणी आहेत, पण गावातला पेशंट आधी तिथेच येतो, आणि तो ‘पाणीही अडकते का’ हा प्रश्न तिथेच विचारायचा असतो.

अर्थात हे सगळं मी तिच्या वहीवरून बांधतोय. तिला कदाचित दवाखान्याचा वासही नको झाला असेल. बीकॉम करायचं असेल, पोलीस भरतीला उतरायचं असेल, तर तेही योग्यच. तेव्हा पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही वाचू नका. तिनंच ‘तिसऱ्यांदा बसते’ म्हटलं तर मी क्लासबद्दलही बोलेन. तोवर कर्जाच्या कागदावर सही करू नका.

एक राहिलं. पोएमनं स्नायू कापला जातो, मेलेल्या पेशी परत येत नाहीत. नंतर बऱ्याच जणांना आम्लपित्त वर येण्याचा त्रास होतो, म्हणून जेवायला लागला तरी तपासणीच्या तारखा चुकवायच्या नाहीत. त्या तारखा त्याच्या त्यानं लक्षात ठेवाव्यात. तो चोवीस वर्षांचा आहे, फाइल आता त्याच्या हातात द्या.