मर प्रतिकारक हरभरा : प्रतिकारकता तपासतात कशी?

प्रश्न : मर रोगाला प्रतिकारक म्हणून शिफारस असलेला हरभराच आम्ही दरवर्षी पेरतो, तरीही घाटे भरण्याच्या सुमारास झाडे जागोजागी वाळतात. ही प्रतिकारकता मुळात तपासतात कशी, आणि ती आम्हाला आमच्या शेतात पाहता येईल का?
– एक शेतकरी, जि. अकोला

उत्तर : आधी वाळलेले झाड मुळासकट उपटून सोटमूळ आणि खोडाचा खालचा भाग चाकूने उभा चिरून पाहावा. आतल्या मधल्या भागात तपकिरी-काळसर रेघ दिसली, पण मूळ बाहेरून धडधाकट असले, तर तो फ्युजेरियम बुरशीमुळे होणारा मर रोग होय. उपटताना सोटमूळ कटकन मोडून जमिनीतच राहिले, त्याला बारीक मुळ्या उरल्या नसल्या आणि पाने वाळलेल्या गवतासारखी फिकट पिवळी झाली असली, तर ती कोरडी मूळकूज समजावी. फुलोऱ्यानंतर जमिनीतील ओल तुटून तापमान ३० अंशांच्या वर गेले की ती बळावते. आपल्या झाडांच्या वाळण्याची वेळ पाहता मला मूळकुजीचीच शंका अधिक येते. मर प्रतिकारक वाण मूळकुजीला तोंड देईलच असे नाही, कारण त्याची चाचणी झालेली असते ती मर रोगासाठी.

ही चाचणी मुद्दाम रोगट केलेल्या जमिनीत, म्हणजे ‘सिक प्लॉट’मध्ये घेतात. तिथे मरला हमखास बळी पडणारा हरभरा वर्षानुवर्षे पेरतात आणि मेलेली झाडे बारीक तुकडे करून त्याच मातीत मिसळतात. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेमध्ये यासाठी प्रामुख्याने जेजी ६२ हा एका देठावर दोन घाटे धरणारा वाण वापरला गेला. चाचणीतील वाणांच्या दर काही ओळींनंतर या वाणाची एक ओळ पेरतात. ती सगळीकडे जवळजवळ पूर्ण मेली, तरच त्या हंगामाचे आकडे ग्राह्य धरावेत. ती जगली असेल, तर शेजारचा वाण बुरशीला पुरून उरला की बुरशी त्याच्यापर्यंत पोचलीच नाही, हे कळण्याचा मार्ग उरत नाही. मला या साऱ्या पद्धतीत हीच ओळ सर्वांत महत्त्वाची वाटते.

झाडांची मोजणी रोपावस्थेत एकदा करून भागत नाही, कारण काही वाण महिनाभरात मान टाकतात, तर काही फुलोऱ्यानंतर हळूहळू मरतात; म्हणून ती पक्वतेपर्यंत करावी लागते. सर्वसाधारणपणे दहा टक्क्यांपर्यंत मर झालेल्या वाणाला प्रतिकारक म्हणतात. म्हणजे प्रतिकारक वाणातही थोडी झाडे मरतात. शिवाय भारतात या बुरशीचे एकाहून अधिक उपप्रकार (रेस) आहेत. एका ठिकाणी टिकलेला वाण दुसऱ्या ठिकाणी टिकेलच असे नाही, म्हणून एकच वाण अनेक केंद्रांवर तपासला जातो.

आपल्या शेतात बळी पडणारा वाण मुद्दाम पेरू नये. त्याने जमिनीत बुरशी वाढते, आणि ही बुरशी हरभऱ्याशिवायही जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरते. त्याऐवजी जिथे दरवर्षी झाडे जातात, त्याच पट्ट्यात दोन-तीन शिफारशीत वाणांच्या ओळी आलटून पालटून, प्रत्येक वाण किमान तीन ठिकाणी येईल अशा पेराव्यात. उगवलेली झाडे मोजून ठेवावीत, नंतर महिन्याने, फुलोऱ्यात आणि काढणीपूर्वी मेलेली मोजावीत, आणि प्रत्येक वेळी काही मुळे चिरून कारण लिहून ठेवावे. मुळांवरून निर्णय होत नसेल, तर नुकतीच मान टाकलेली झाडे मातीसह जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्यावीत. पूर्ण वाळलेल्या झाडावर इतर बुरशी चढते आणि खरे कारण सापडणे अवघड होते.